दुसऱ्याने अर्ध्यात सोडलेली पद्मिनी पुरी कशी करावी

‘सगळं सामान आहे, फक्त जोडायचं बाकी आहे,’ असं सांगून जी प्रीमिअर पद्मिनी विकायला काढलेली असते, तिचं निम्मं सामान गोणपाटात असतं, थोडं डेंटरकडे पडून असतं आणि उरलेलं कुठे गेलं हे मालकालाही सांगता येत नाही. तरीही अशी गाडी घ्यायला हरकत नाही. किंमत मात्र समोर असलेल्या सामानावरून करू नका, नसलेल्या सामानावरून करा.

आता, नसलेलं प्रत्येक सामान सारखंच महाग नसतं. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून कित्येक दशकं धावली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. टॅक्सीवाल्याला जे रोज लागायचं ते बाजारात खपत राहिलं : पिस्टन, रिंगा, क्लच प्लेट, वॉटर पंप, ब्रेकचे रबर, गॅस्केट. टॅक्सीवाल्याने ज्याची कधी पर्वा केली नाही ते मिळवताना दमछाक होते : क्रोमच्या पट्ट्या, अक्षरांचे बिल्ले, डॅशबोर्डचे मूळ मीटर, दरवाज्यांची हँडलं, टेललॅम्पच्या काचा, काचांभोवतीची रिंग. त्यामुळे इंजिन खोललेलं पण क्रोम पुरं असलेली गाडी परवडते. इंजिन सुरू होतंय पण एकही पट्टी जागेवर नाही, अशी गाडी भाव पाडून मिळाली तरच घ्या.

कागद आधी

गाडी बघायला जाण्यापूर्वी आरसी बुकाचा फोटो मागवा. तिथे गेल्यावर चॅसी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचा. इंजिन बदललेलं असेल आणि त्याची नोंद नसेल, तर ती भानगड निस्तरणं विकणाऱ्याचं काम. नंबरची जागा गंजलेली असेल तर दुसऱ्या गाडीचा तुकडा कापून डकवणं हा गुन्हा आहे. आरटीओची रीतसर परवानगी घेऊनच नंबर पुन्हा ठोकून घेता येतो. मालक हयात असेल तर नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, वारसांकडून घेत असाल तर आधी फॉर्म ३१. पंधरा वर्षांनंतरची नोंदणी पाच-पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून वाढवावी लागते, पर्यावरण करही भरावा लागतो. पन्नास वर्षं ओलांडलेली गाडी २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात. पण मग ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशाच कारणांसाठी बाहेर काढता येते. रोज फिरवायची असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

काम का थांबलं ते शोधा

पैसे संपले किंवा गॅरेज बंद पडलं, असं असेल तर ठीक. पण बऱ्याचदा रंग खरवडल्यावर खाली काय आहे ते दिसलं आणि मालकाचा धीर सुटला, असं असतं. पद्मिनीला वेगळी चॅसी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. म्हणून दरवाज्यांखालचे पोकळ पट्टे, फ्लोअर आणि मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथे बसतात त्या जागा टोच्याने टोचून बघा. ताज्या प्रायमरवर विश्वास ठेवू नका. पातळ कापडात गुंडाळलेलं चुंबक फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टीचा थर आहे. एका बाजूला जॅक लावून त्या बाजूचा दरवाजा उघडझाक करा. दरवाजा अडकला तर सांगाडा वाकतोय, आणि बजेट दुप्पट धरा.

सामान पसरा, यादी करा

घरी आणल्यावर पहिले काही दिवस पाना हातात घेऊ नका. सगळं सामान जमिनीवर मांडा, फोटो काढा, नटबोल्ट पिशव्यांत घालून चिठ्ठ्या लावा. जोडीला एक धडधाकट पद्मिनी शोधून तिच्या मालकाच्या परवानगीने प्रत्येक कोपऱ्याचे फोटो घ्या, नाहीतर काय नाही हेच कळणार नाही. काही वस्तू भलत्याच गाडीच्या निघतील. पद्मिनीच्या आधीच्या, पन्नाशीच्या दशकातल्या ‘डुक्कर फियाट’चे पुढचे दरवाजे उलटे उघडतात, ते पद्मिनीला चालत नाहीत.

मग खरेदी. मुंबईत कुर्ला आणि चोर बाजारातली मटण स्ट्रीट, पुण्यात नाना पेठ, बाहेर दिल्लीचं काश्मिरी गेट, चेन्नईचं पुदुपेट, कोलकात्याचं मलिक बझार. जुना तुकडा सोबत न्या. नुसतं नाव सांगितलं की दुकानदार जवळपासचं काहीतरी गळ्यात मारतो. क्रोमचे पाच-सहा तुकडे कमी असतील तर एकेक शोधत बसण्यापेक्षा मोडीत निघालेली अख्खी गाडी स्वस्त पडते, तिचे कागद बघून घ्या म्हणजे झालं. हँडलांसारख्या मझाकच्या (जस्ताच्या मिश्रधातूच्या) वस्तूंना खड्डे पडले असतील तर नव्या क्रोमने ते झाकले जात नाहीत, म्हणून निवडतानाच गुळगुळीत घ्या.

रंगाआधी एकदा सगळं बसवा

अर्धवट गाड्या पुन्हा अडकतात त्या इथेच. पत्र्याचं काम झालं की दरवाजे, बोनेट, काचा, पट्ट्या, दिवे सगळं रंगाविना बसवून बघा. भोक जुळत नसेल तर आत्ताच कळू दे. आणि दरवाज्याखालचा पत्रा कापताना दोन्ही बाजू एकदम कापू नका. आतून आधार वेल्ड करा, एक बाजू पुरी झाल्यावरच दुसरी.

इंजिन

१०८९ सीसीचा हा ब्लॉक बिडाचा आणि हेड, म्हणजे ब्लॉकवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं. पाणी साचून राहिलं की हेडमधल्या पाण्याच्या वाटा खाल्ल्या जातात. अडकलेल्या इंजिनाला सेल्फ मारू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडा, काही दिवस मुरू द्या, मग पुढून लावायच्या स्टार्टिंग हँडलने हळूहळू हलवा. हेड निघत नसेल तर मध्ये पेचकस खुपसू नका, ॲल्युमिनियमला कायमची खाच पडते.

पेट्रोलची टाकी काढून धुवा, सगळे जुने पेट्रोल पाइप बदला. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर लवकर फुगतं आणि कार्बोरेटरजवळ गळती झाली तर आग लागू शकते. ब्रेकच्या बाबतीत चालढकल नकोच : मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, होस पाइप, सगळं नवं. वायरिंग जोडाजोडी करत बसण्यापेक्षा नवा हार्नेस (वायरींचा तयार जुडगा) टाकून घ्या.

सीटचं आणि छताचं कापड सगळ्यात शेवटी, कारण वेल्डिंगची एक ठिणगी त्याला पुरते. गाडी सुरू झाल्यावर सुरुवातीच्या काही शे किलोमीटरमध्ये दूरचा प्रवास करू नका. नंतर इंजिन थंड असताना हेडचे नट पुन्हा आवळा, ऑइल बदला आणि मग आरटीओच्या तपासणीची तारीख घ्या.