आकाशवाणीवरून राज्याचे राजकारण कसे ऐकावे

खासगी एफएम वाहिन्यांना आणि सामुदायिक रेडिओ केंद्रांना स्वतःच्या बातम्या तयार करून प्रसारित करण्याची परवानगी आपल्या देशात नाही. फार तर आकाशवाणीची बातमीपत्रे ती जशीच्या तशी ऐकवू शकतात. त्यामुळे ठाण्यात किंवा नवी मुंबईत रेडिओवरून विधिमंडळाची बातमी ऐकायची, तर ती एकाच सार्वजनिक संस्थेकडून ऐकावी लागते. असे असताना ती बातमी चहाबरोबर कानावर पडू देणे पुरेसे नाही, ती वही घेऊन ऐकावी, असे माझे मत आहे.

त्यासाठी विधिमंडळाचे एक संपूर्ण अधिवेशन निवडावे. मी कळव्याहून सकाळच्या लोकलने जातो आणि त्या गर्दीत वही उघडणे शक्य नसते, म्हणून रात्री घरी आकाशवाणीच्या बातम्यांच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर प्रादेशिक बातमीपत्र पुन्हा ऐकतो. तेथे पुष्कळदा बातमीपत्राची संहिता, म्हणजे लिखित मजकूरही मिळतो, तो समोर ठेवावा. मुंबईच्या बातमीपत्राबरोबर पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील बातमीपत्रेही अधूनमधून ऐकावीत, कारण एकाच दिवसाचे कामकाज निरनिराळ्या ठिकाणी कोणत्या क्रमाने आले, हे ताडून पाहता येते.

मोजपट्टी मात्र आपल्या आवडीच्या पक्षाची नसावी, ती कायद्याची असावी. आकाशवाणी ज्या प्रसार भारती या स्वायत्त संस्थेचा भाग आहे, तिचा कायदा १९९० साली संमत झाला आणि १९९७ साली अमलात आला. त्याच्या कलम १२ नुसार सार्वजनिक हिताच्या सर्व बाबींची माहिती मुक्तपणे, सत्यनिष्ठेने आणि वस्तुनिष्ठपणे मिळण्याचा नागरिकांचा हक्क जपणे, तसेच स्वतःचे कोणतेही मत पुढे न रेटता परस्परविरोधी दृष्टिकोनांसह संतुलित माहिती देणे, हे या संस्थेचे उद्दिष्ट आहे. आणीबाणीत आकाशवाणी सरकारच्या हाती कशी राबवली गेली, याच्या अनुभवातूनच या स्वायत्ततेची मागणी बळावली होती. आकाशवाणीची एक प्रसारण संहिता, म्हणजे नियमावलीही आहे. तिच्यात राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला करण्यास आणि केंद्रावर किंवा राज्यावर वैरभावाने टीका करण्यास मनाई आहे. चर्चेतला पाहुणा ‘काही मंडळी’ असे मोघम बोलतो, तेव्हा त्यामागे ही संहिता असू शकते, हे लक्षात ठेवावे.

वहीत प्रत्येक राजकीय बातमीसाठी कोण बोलले, किती सेकंद बोलले, त्यांच्या बोलण्याला कोणते क्रियापद लावले आणि दुसरी बाजू आली की नाही, एवढे लिहावे. सेकंद मोजायला मोबाइल पुरतो. खरे लक्ष क्रियापदांवर द्यावे, कारण मराठी बातमीचा कल तेथे उघड होतो. मंत्र्यांनी ‘स्पष्ट केले’ म्हटले की ते म्हणणे खरे असल्याचे निवेदकाने जणू मान्यच केले. विरोधी पक्षनेत्यांनी ‘आरोप केला’ किंवा ‘दावा केला’ म्हटले की तेच विधान संशयाच्या छायेत जाते. ‘म्हणाले’ हा सर्वांत प्रामाणिक शब्द, आणि तो दोन्ही बाजूंना सारखा वापरला जातो का, हे पंधरा दिवसांच्या नोंदींतून कळते. ‘विरोधकांनी सभात्याग केला’ हे वाक्य कारणाशिवाय आले, तर त्यापुढे खूण करावी. कारण न सांगितलेला सभात्याग श्रोत्याला केवळ गोंधळ वाटतो, आणि हा त्या सदस्यांवर नव्हे, तर त्यांना निवडून देणाऱ्या मतदारांवर अन्याय आहे.

‘निर्देश दिले’ आणि ‘मान्यता दिली’ या शब्दांची पडताळणी वेगळी करावी. समजा, ऐरोली-बेलापूर पट्ट्यातील प्रकल्पग्रस्तांनी गरजेपोटी बांधलेली घरे नियमित करण्याचे निर्देश दिल्याची बातमी आली, तर राज्य शासनाच्या संकेतस्थळावर त्याचा शासन निर्णय निघाला का, हे काही दिवस पाहत राहावे आणि त्याची तारीख वहीत त्याच ओळीपुढे लिहावी. ठाण्यातील मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या वाचनालयात त्या दिवसाची दोन-तीन वर्तमानपत्रे शेजारी ठेवली, की बातमीपत्रातून काय गळले, तेही दिसते. एका दिवसाच्या वगळण्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये, पाच-दहा मिनिटांत सगळे मावत नाही.

निवडणुकीच्या काळात पक्षांची प्रचारभाषणे या हिशेबात धरू नयेत. मान्यताप्राप्त पक्षांना १९९८ पासून निवडणूक आयोगाच्या योजनेनुसार मोफत वेळ मिळतो. त्याचा काही भाग सर्वांना समान आणि उरलेला मागील निवडणुकीतील कामगिरीनुसार असतो.

अधिवेशन संपल्यावर नोंदी घेऊन केंद्राच्या वृत्त विभागाला पत्र लिहावे. पत्रात ‘पक्षपात’ हा शब्द टाळावा. तारीख, बातमीपत्राची वेळ आणि नेमके वाक्य लिहावे. उत्तर आले नाही, तर माहिती अधिकाराचा मार्ग आहे, कारण प्रसार भारती हे सार्वजनिक प्राधिकरण आहे. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत सर्वसाधारणपणे ३० दिवस. अर्जात ‘असे का केले’ हा प्रश्न विचारू नये, त्या कायद्याखाली अभिलेख मिळतात. म्हणून अमुक तारखेच्या अमुक बातमीपत्राच्या संहितेची प्रत मागावी.