डोंगरावरच्या खाणीसाठी मातीचा सर्व्हे करताय? आधी खोली मोजा

कोल्हापुरातल्या शाहूवाडी, राधानगरीकडच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळ पठारांवर, बॉक्साईटचं काम असेल तर मातीचा सर्व्हे सपाटीवरच्या शेतासारखा करून अजिबात चालत नाही, कारण वर सगळा जांभ्याचा कातळ आणि माती फक्त खळग्यात, फटीत नाहीतर कडेच्या उतारावर, कुठे चार बोटं तर कुठे कमरेएवढी. खाण संपल्यावर त्या जागेवर गवत-झाडं परत आणायची तर हीच माती लागते, दुसरी आणणार कुठून? २०१७ च्या खनिज संवर्धन आणि विकास नियमांतही (एमसीडीआर) वरची माती वेगळी काढून नंतर वापरायला सांगितलंय. म्हणून माझं एकच म्हणणं असतं, मातीचा प्रकार नंतर लिहा, आधी खोली मोजा.

टोपोशीट, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा, घेऊन बसू नका, ते फक्त रस्ता आणि ओढे बघायला. १:५०,००० च्या शीटवर १ चौरस सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ हेक्टर, म्हणजे छोटी लीज (खाणीला दिलेली जमीन) अख्खी नखाएवढ्या जागेत बसते. किमान १:५,००० तरी पाहिजे, आणि खाणीचा सर्फेस प्लॅन मिळाला तर त्याच्यावरच काम करा. उताराचा अंदाज यायला इस्रोच्या भुवन साईटवरचा ३० मीटरचा कार्टोडेम, म्हणजे जमिनीच्या उंचीचा डेटा, फुकट मिळतो, पण सड्याच्या कडा त्यात नीट दिसत नाहीत, ड्रोनचा सर्व्हे असेल तर सोन्याहून पिवळं.

फिल्डवर दोनदा जायचं. एकदा ऑगस्टच्या आसपास, तेव्हा पाणी कुठे साचतं, कुठून झिरपतं ते दिसतं, कडेला जांभा संपून खाली चिकणमाती लागते त्या रेषेवर झरे फुटतात ते सगळे जीपीएसवर घ्या, खालच्या वाडीचं पाणी बऱ्याचदा तिथूनच येतं. मग दिवाळीनंतर खड्ड्यांसाठी. वनखात्याची जमीन असेल तर खड्डा मारायच्या आधी परवानगी घ्या.

आता मुख्य काम. उघडा कातळ असेल तेवढा भाग चालत जाऊन आधी आखून घ्या, मग माथ्यापासून पायथ्यापर्यंत उताराच्या दिशेने सरळ रेषा मारा, आणि त्या रेषेवर दर २०-२५ मीटरला पहार मारत चला. ऑगर (माती काढायचा गिरमिट) जांभ्याच्या खड्यात अडकतो, पहारच बरी. कातळ लागला की टण्ण वाजतं, मुरूम लागला की करकरतं, माती असेल तर आवाजच येत नाही, दोन दिवसांत कान तयार होतो. आमच्या एका साईटवर धनगरवाड्यातले एक मामा बरोबर आले होते, आम्ही कातळ म्हणून सोडून दिलेल्या तुकड्याकडे बोट दाखवून म्हणाले, इथं आमची नाचणी व्हायची, मारा पहार. मारली तर ५५ सेंटिमीटर गेली! तेव्हापासून मी पहिल्या दिवशी आधी वाडीत जातो, वरकस (नाचणीसारख्या पिकांची डोंगरी जमीन) कुठे होतं ते विचारतो, मग पहार उचलतो.

प्रत्येक प्रकारच्या जागेवर एक तरी नीट खड्डा, दीड मीटर किंवा कातळापर्यंत. एक बाजू खुरप्याने ताजी तासा आणि ऊन पडलेलं असताना फोटो घ्या. थर मोजा, रंग मुन्सेल चार्टवर, म्हणजे मातीच्या रंगांच्या तक्त्यावर, ओल्या मातीचा बघा, २.५ वायआर ४/६ असं काहीतरी येईल, गॉगल काढून बघा. पोत बोटांनी बघताना घाई नको, या तांबड्या मातीत लोहाने कण एकमेकांना चिकटलेले असतात, पहिल्यांदा वाळूसारखी लागते आणि चार-पाच मिनिटं मळली की चिकण निघते. घनता काढायची तर मातीत ठोकायची रिंग खड्यांमुळे आत जात नाही, मग छोटा खड्डा काढा, निघालेली सगळी माती पिशवीत, खड्ड्यात पातळ प्लास्टिक अंथरून पाणी मोजून ओता, ते झालं घनफळ. २ मिलिमीटरच्या चाळणीवरचे खडे वेगळे तोला. पिशवीत एक चिठ्ठी आत, एक बाहेर, पेन्सिलने लिहा, पेनची शाई ओलीत पसरते. खालच्या भातखाचरांचेही नमुने आत्ताच घ्या, नंतर खाणीतली माती वाहून आली असं कुणी म्हटलं तर आधीचा आकडा हातात पाहिजे.

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये खोलीचे पॉइंट टाकून लगेच इंटरपोलेशन, म्हणजे मधल्या जागांचा आपोआप अंदाज, करू नका, ते कातळावरही छान २० सेंटिमीटर माती दाखवतं. आधी कातळाचे पॉलिगॉन कापून बाजूला काढा, मग उरलेल्या भागात खोलीचे पट्टे करा, ०-१०, १०-२५, २५-५०, त्याच्या वर.

हे एवढं का सांगतोय, तर एका साईटवर सरसकट ३० सेंटिमीटर काढा असं ठरलं होतं आणि माती होती सरासरी २०. हेक्टरी २,००० घनमीटर मातीत १,००० घनमीटर मुरूम मिसळला. पुढे त्या ढिगाऱ्यावर लावलेली रोपं दुसऱ्या उन्हाळ्यात वाळून गेली, माझ्या डोळ्यांदेखत, अजून आठवलं की वाईट वाटतं.

म्हणून नकाशा पीडीएफमध्ये ठेवून थांबू नका. डोझर चालवणाऱ्याला पीडीएफ कोण दाखवतो? प्रत्येक पट्ट्याच्या कडेला खुंट्या ठोका, खुंटीवर ऑइलपेंटने आकडा लिहा, १० ला पिवळा, २५ ला निळा, ५० ला लाल, आणि पहिले दोन दिवस स्वतः टेप घेऊन मशीनच्या मागे चाला.