जुनी रंधा मशीन उभी करताना या चुका टाळा

बिडाची जुनी रंधा मशीन भंगाराच्या भावात हाती लागली की बहुतेकांचा पहिला खर्च रंगाच्या डब्यावर होतो. काम बिघडायला तिथूनच सुरुवात होते. एकाच शाफ्टवर रंधा, गोल आरा आणि भोकं पाडायचा चक चालवणारी ही मशीन आहे. टेबल सपाट, शाफ्ट त्याला समांतर आणि वेग नेमका, एवढं जुळलं तर गंजक्या अंगाची मशीनही सागाची चौकट गुळगुळीत रंधून देते. न जुळलं तर हिरव्या रंगात चमकणारी मशीनही लाकूड वाया घालवते.

विदर्भातल्या खेड्यांत अशा मशिनी गोठ्यात, माळवदाखाली पडून आहेत. बंडीची जागा ट्रॅक्टरने घेतली, वखर-डवरे लोखंडी झाले, मिस्त्री थकले. पण ओतकाम अजून ठणठणीत आहे आणि घराच्या चौकटी, दारं, पलंग यांचं काम गावात संपलेलं नाही. म्हणून या मशिनी वाचवायच्याच, मात्र घाई न करता.

बेअरिंगखालच्या चिप्प्या फेकू नका

शाफ्ट ज्या दोन बेअरिंग हाउसिंगवर बसतो, त्यांचे बोल्ट काढले की खालून पत्र्याचे तुकडे निघतात. काळे, ग्रीसने माखलेले, बहुधा तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेले. नवशिका ते झाडून टाकतो. खरं तर त्या चिप्प्यांत जुन्या मिस्त्रीचं मोजमाप साठलेलं असतं. शाफ्ट टेबलाला समांतर आणायला त्याने त्या एकेक करून घातलेल्या असतात.

यवतमाळकडच्या एका गावात १२ इंची मशीन अशीच उघडली गेली. एका हाउसिंगखाली दुहेरी घडीची चिप्पी होती, ती भंगारात गेली. मशीन धुतली, रंगवली, नवी बेअरिंग बसवली. पहिलीच फळी रंधली तर एक कड जाड, दुसरी पातळ. दोष पात्यांवर गेला. पाती दोनदा धार लावून आणली, मग नवी घेतली, तरी तेच. प्रत्येक पातं ब्लॉकपासून, म्हणजे शाफ्टवरच्या ज्या लोखंडी गोलात पाती बसतात त्यापासून, मोजून सारखं बाहेर काढलेलं होतं, पण ब्लॉकच टेबलाशी तिरका बसला होता. सागाच्या कितीतरी फळ्या पाचरीसारख्या झाल्यावर कोणीतरी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावला, आणि दोन टोकांत ०.६ मिमीचा फरक निघाला. फेकलेल्या चिप्पीची जाडी साधारण तेवढीच होती.

म्हणून उघडण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. प्रत्येक हाउसिंगच्या चिप्प्या वेगळ्या पिशवीत घालून वर डावी-उजवी लिहा. जोडताना पाती काढून ठेवा. दोन पात्यांच्या मधली ब्लॉकच्या अंगावरची जागा खडूने खुणावून ती वर आणा. मागच्या टेबलावर, म्हणजे रंधलेलं लाकूड ज्यावर येतं त्यावर, स्टीलची सरळ पट्टी अशी ठेवा की तिचं टोक ब्लॉकवर येईल. खालची फट आधी एका टोकाला मोजा, मग दुसऱ्या. फरक ०.०५ मिमीच्या आत येईपर्यंत पितळी शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चिप्प्या, घाला. दर वेळी बोल्ट पूर्ण आवळून मगच मोजा, सैल बोल्टवरचं माप खोटं असतं. शाफ्ट जुळल्यावर पाती बसवा, आणि त्यांचं माप ब्लॉकपासून न घेता मागच्या टेबलापासून घ्या. पात्याची धार सर्वांत वर येते तेव्हा ती मागच्या टेबलाच्या पातळीत हवी. टेबल खाली राहिलं तर फळीच्या शेवटी खड्डा पडतो, वर राहिलं तर फळी टेबलाच्या कडेला अडते.

मिळेल ती मोटर बसवणे

सगळ्यात जीवघेणी चूक हीच. जुन्या मशीनची मोटर बहुधा १४४० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला १४४० फेऱ्यांची असते. ती जळलेली असते आणि घरात विहिरीवरच्या पंपाची ३ एचपीची मोटर रिकामी असते. तिच्या प्लेटवर २८८० लिहिलेलं कोणी वाचत नाही.

हिशोब सोपा आहे. मोटरला ८ इंची पुली आणि शाफ्टला ३ इंची असेल तर १४४० च्या मोटरवर ब्लॉक ३८४० फेरे घेतो. त्याच पुल्यांवर २८८० ची मोटर लावली तर ७६८० होतात. वेग दुप्पट झाला की पात्यांना बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. पाती धरून ठेवणाऱ्या बोल्टांवर हा चौपट ताण येतो, आणि ते बोल्ट चाळीस वर्षांचे असतात. सुटलेलं पातं पत्र्याच्या भिंतीतून आरपार जातं, समोरच्या माणसाचं काय होईल हे सांगायला नको. त्याच शाफ्टवरचा १२ इंची आराही ७६८० वर फिरतो. आऱ्यावर कमाल आरपीएम छापलेला असतो, तो आकडा पाहा आणि मगच बसवा.

२८८० चीच मोटर वापरायची असेल तर तिची पुली ४ इंची करा, वेग पुन्हा ३८४० वर येतो. पात्यांचे बोल्ट दिसायला चांगले असले तरी नवे घ्या, डोक्यावर ८.८ (मजबुतीची खूण) कोरलेलेच. आवळताना मधल्यापासून कडेकडे जा, एका दमात न कसता दोन-तीन फेऱ्यांत. सगळी पाती एकाच वजनाची हवीत. गावातल्या सोनाराच्या काट्यावर पाच मिनिटांत कळतं. वजनात फरक असेल तर ब्लॉक थरथरतो आणि बेअरिंग लवकर जाते.

टेबलावर ग्राइंडर

बिडाच्या टेबलावरचा गंज काढायला ग्राइंडरला फ्लॅप डिस्क (घासायची चकती) लावणाऱ्याच्या हातून ग्राइंडर काढून घ्यावासा वाटतो. पाच मिनिटांत चकचकीत होतं, पण जिथे हात थांबला तिथे खोलगट होतं, आणि ते खड्डे मशीनशॉपमध्ये रंधून घेतल्याशिवाय जात नाहीत. घासलेट ओता, रात्रभर राहू द्या, मग सपाट लाकडी ठोकळ्याला २२० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळून लांबीच्या दिशेने घासा. डाग राहिले तर राहू द्या, सरळपणा टिकला पाहिजे. लहान सुट्या भागांना चिंचेच्या पाण्यात रात्रभर ठेवलं तरी पुरतं, नंतर लगेच धुऊन, वाळवून तेलाचा हात द्या. टेबलाला मात्र तेल नको, ते सागावर डाग पाडतं. मेण घासा. जूनच्या पहिल्या पावसाआधी एकदा आणि पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी. मे महिन्यात कोरडं पडलेलं टेबल पहिल्या दमट आठवड्यातच लाल होतं.

बोल्ट बसत नाही म्हणून ठोकणे

जुन्या ओतकामाचे आटे इंची असतात. अर्ध्या इंची व्हिटवर्थ (जुन्या इंची मापाच्या) बोल्टला इंचाला १२ आटे, आणि १२ मिमीच्या एम-१२ बोल्टचा पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, १.७५ मिमी. एम-१२ सुरुवातीला ढिला आत जातो, मग अडतो, आणि जोर लावला की बिडातले आटे उडतात. मूळ बोल्ट घेऊन हार्डवेअरमध्ये जा आणि तसाच मागा.

फुटलेला कान किंवा पाय साध्या वेल्डिंग रॉडने जोडू नका, जोडाच्या शेजारी पुन्हा तडा जातो. निकेल रॉड किंवा पितळी ब्रेझिंग, भाग आधी तापवून, नंतर राखेत पुरून हळूहळू थंड होऊ द्यायचा.

आऱ्याचा नट उलटा आहे की सुलटा हे विसरलात तर एकच लक्षात ठेवा: आरा ज्या बाजूला फिरतो त्याच बाजूला नट फिरवला की सुटतो. म्हणूनच थ्री फेज जोडणी नवी केल्यावर आरा काढून आधी मोटरची दिशा पाहा. उलटी फिरली तर नट आपोआप सैल होतो.

चक शाफ्टच्या टेपरवर (निमुळत्या टोकावर) बसलेला असेल तर हातोडी मारू नका, दोन बाजूंनी पाचर घालून काढा. चक डगमगत असेल तर आधी शाफ्ट वाकलाय का ते डायल गेजने बघा, नवा चक घेण्याची वेळ बहुधा येत नाही. आणि भोकं पाडताना आरा व रंधा झाकलेले ठेवा. तीनही एकाच वेळी फिरतात, हात चकाकडे असतो आणि कोपर आऱ्याकडे.

साध्या खटक्यावर ही मशीन चालवू नका. भारनियमनात लाइट जाते, मिस्त्री आऱ्यातलं अडकलेलं लाकूड काढायला वाकतो, आणि तेवढ्यात लाइट येते. नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर असला तर लाइट आली तरी हिरवं बटण दाबेपर्यंत मशीन बंदच राहते. जास्त भार आला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले मोटरच्या प्लेटवरच्या अँपिअरवर लावा, अर्थिंग वेगळं करा, आणि रंग या सगळ्यानंतर.