कूलंट हीटर घरच्या प्लगवर लावताय? या चुका टाळा

नाशिकच्या थंडीत कूलंट हीटर (गाडी सुरू करण्याआधी इंजिनातलं कूलंट विजेवर गरम करणारा) लागतोच असं नाही. निफाडचा पारा ५ अंशांखाली गेला तरी कूलंट गोठत नाही. डिझेल गाडी पहाटे कुरकुरत असेल तर आधी ग्लो प्लग (गार डिझेल इंजिन सुरू व्हायला आतून ऊब देणारे) आणि बॅटरी बघा. बरेचदा दुखणं तिथेच निघतं. तरी कांदा भरलेली जुनी पिकअप पहाटेच लासलगावला काढायची असते, म्हणून कोणी हीटर बसवतोच. मग त्याला वीज कुठून द्यायची?

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे कन्व्हर्टर. १५०० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढतो, म्हणजे त्याला गिझरसारखा १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा. पार्किंगमध्ये असतो ६ अँपिअरचा छोटा सॉकेट. कन्व्हर्टर लावून मोठी पिन त्यातच बसवतात, वर म्हणतात, ‘एमसीबी पडत नाही ना, मग चालतंय.’ अहो, दिव्यांच्या लाइनवर १० अँपिअरचा एमसीबी असेल तर साडेसहाला तो पडेलच कशाला? त्याला फक्त करंट कळतो; सैल पिनेपाशी तापलेलं पितळ कळत नाही. हीटर अर्धा तास चालवा, स्विच बंद करा आणि प्लग काढून हात लावा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला, जळका वास आला किंवा सॉकेट तपकिरी पडला असेल, तर वायरमनला बोलवून जाड वायरीचा वेगळा पॉइंट काढून घ्या. एक्स्टेन्शन वापरावंच लागलं तर जाड वायरीचं घ्या आणि पूर्ण उलगडा. गुंडाळीतल्या वायरीची उष्णता आतच कोंडते.

परदेशातून मागवलेल्या हीटरवर १२० व्होल्ट लिहिलं असेल तर तो आपल्या प्लगला लावूच नका. व्होल्टेज दुपटीच्या आसपास गेलं की वॅट साडेतीन पटींच्या वर जातात.

अर्थिंगची पिन तोडणं मात्र जिवावरचं. गाडी रबरी टायरवर उभी असते; हीटरमध्ये लीकेज झालं आणि अर्थिंग नसेल, तर अख्खी बॉडी करंट मारते. ओल्या अंगणात दाराला हात लावणारा आधी सापडतो. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे लीकेज होताच वीज तोडणारा स्विच, हवाच. हीटर लावताच तो पडत असेल तर प्लगमध्ये ओल आहे किंवा एलिमेंट गेलंय. आरसीसीबी बायपास करून देणारा वायरमन दारातूनच परत पाठवा.

हीटर गुरगुरतोय पण इंजिन गार? कूलंट कमी आहे किंवा हवा अडकली आहे. कोरडा चालला तर एलिमेंट जळतं. इंजिन गार असतानाच लेव्हल भरा, हवा काढा, मगच पुन्हा लावा. रात्रभर चालू ठेवायची गरज नाही, निघण्याआधी दोन-तीन तास पुरतात. टायमर घ्याल तर तोही १६ अँपिअरचाच. आणि किल्ली फिरवण्याआधी प्लग काढून वायर फॅन-सायलेन्सरपासून लांब बांधा.