हेड गॅस्केट बदलताना बोल्टच्या भोकात आधी बघा

हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील, गेलंय असं ठरवायच्या आधी खात्री करून घ्या, नाहीतर आठवडाभराची मेहनत फुकट जाते. कूलंट कमी होतंय पण खाली थेंब नाही, गाडी पूर्ण गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर, ऑइल दुधाळ, ही लक्षणं एकत्र दिसली तर संशय पक्का. नुसती ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय असेल तर ती जवळजवळच्या फेऱ्यांमुळे जमलेली वाफही असू शकते. ब्लॉक टेस्टचं निळं लिक्विड मिळतं, रेडिएटरच्या तोंडाशी लावायचं (झाकण इंजिन थंड असतानाच काढायचं बरं का), पेट्रोल गाडीत ते पिवळं पडलं म्हणजे जळलेला गॅस कूलंटमध्ये घुसतोय.

खोलायचं काम पसाऱ्याचं आहे पण अवघड नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढा, कूलंट आणि ऑइल काढा, इंजिन टॉप डेड सेंटरला (पहिला पिस्टन सगळ्यात वर) आणून टायमिंगच्या खुणा जुळवून घ्या, मग मॅनिफोल्ड (हेडला जोडलेले हवेचे आणि धुराचे पाइप), टायमिंगचा बेल्ट किंवा चेन काढा. प्रत्येक पायरीला फोटो काढा, आणि पुठ्ठ्यावर इंजिनचं चित्र काढून जिथला बोल्ट तिथेच खोचून ठेवा.

हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण थंड असतानाच, बाहेरून आत, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे सैल करायचे, एकदम एक सोडला तर हेड वाकू शकतं. हेड चिकटलं तर दोन पृष्ठभागांमध्ये स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, तिथेच ओरखडा आणि तिथूनच पुढचा लीक. काढल्यावर लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, उघडे व्हॉल्व्ह खाली टेकून वाकतात.

आता सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. जुनं गॅस्केट प्लॅस्टिकच्या स्क्रेपरनेच खरवडा, घासायची डिस्क लावली की तिची भुकटी ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जाते. मग स्ट्रेट एज (अगदी सरळ पट्टी) हेडवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या दिशांनी ठेवायची आणि खालून फिलर गेज (ठराविक जाडीच्या पातळ पत्त्या) घालून बघायचं, बऱ्याच इंजिनांना मर्यादा ०.०५ मिमीच्या आसपास असते, तुमची मॅन्युअलमध्ये बघा. मर्यादेएवढी पत्ती आत सरकली तर हेड फेसिंगला (पृष्ठभाग सपाट करून घ्यायला) द्या, तिथेच क्रॅकसाठी प्रेशर टेस्टही करून घ्या. ब्लॉकचा वरचा भागही तसाच मोजा, हे लोक विसरतात.

आणि बोल्टची भोकं! माझ्या पहिल्या वेळी एका भोकात तळाला कूलंट राहिलं होतं, दिसलंच नाही, टॉर्क रेंचने (ठरलेला जोर आला की क्लिक देणारा पाना) व्यवस्थित क्लिक दिलं आणि मी खूश. प्रत्यक्षात बोल्ट पाण्यावर टेकला होता, हेडवर दाब आलाच नव्हता, दोन दिवसांत परत तोच धूर. ब्लॉक तडकला नाही हे नशीब. गॅस्केट एकदा दबलं की परत वापरता येत नाही, त्यामुळे नवीन आणून सगळं पहिल्यापासून. तेव्हा प्रत्येक भोक कापडाने टिपून हवा मारा, हवा मारताना गॉगल घाला.

गॅस्केट कोरडंच बसवायचं, मल्टी लेयर स्टीलच्या (पोलादी थरांच्या) गॅस्केटला तर सीलंट अजिबात नको (मॅन्युअलने एखाद्या जोडावर सांगितलं तर तेवढंच), वरच्या बाजूची खूण बघायची आणि ऑइलचं भोक जुळतंय का ते बोट लावून बघायचं. डिझेलमध्ये जाडीप्रमाणे कडेला खाचा असतात, जुन्याशी मोजून घ्या. टॉर्क टू यील्ड प्रकारचे बोल्ट घट्ट करताना कायमचे ताणले जातात, ते नवीनच घ्या. घट्ट करायचं मधून बाहेर, पायऱ्यांमध्ये, आणि शेवटी प्रत्येक बोल्ट ठराविक अंश फिरवायचा, कुठे ९० तर कुठे ९० अधिक ९०. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर रंगाचा ठिपका मारला की कुठला फिरवायचा राहिला ते लगेच कळतं.

टायमिंग लावून क्रॅंक पान्याने हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा, अडलं तर जोर करू नका, खुणा परत बघा. नवीन ऑइल आणि फिल्टर. कूलंट भरताना हीटर फुल ठेवून हवा काढा, फॅन लागेपर्यंत थांबा. आणि पहिल्यांदा गाडी का तापली ते शोधल्याशिवाय झाकण लावू नका, थर्मोस्टॅट, फॅन, वॉटर पंप तपासा, नाहीतर नवीन गॅस्केटही तसंच जाईल. रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी कूलंटची लेव्हल बघा, पहिल्या वेळी थोडी उतरते, तेवढी भरा.