हिवाळ्यात प्राथमिक शाळेची घडी कुठे विस्कटते? या चुका टाळा

गोव्यातला हिवाळा म्हणजे पहाटे चादर अंगावर ओढून घ्यावीशी वाटते आणि दुपारी बाराला पुन्हा घामाच्या धारा. थंडीने मुलांचा अभ्यास बुडाला असं आपल्याकडे कोणी म्हणू शकत नाही. अभ्यास बुडतो तो कॅलेंडरमुळे. दिवाळीची लांब सुट्टी संपते न संपते तोच गॅदरिंगच्या तालमी, मग १९ डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन, लगेच नाताळची सुट्टी, संक्रांत, २६ जानेवारी, आणि अधूनमधून गावोगावच्या जत्रा. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं ठरवून दिलं आहे. ते दिवस हजेरीपटावर भरतातही. अडचण वेगळीच आहे. पहिली-दुसरीतलं मूल दिवाळीपर्यंत अक्षरं आणि बाराखडी ओळखायला लागलेलं असतं, आणि त्या अक्षरांचं सलग वाचन व्हायचं ते नेमकं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. तेव्हाच दर पंधरा दिवसांनी खंड पडतो.

शिक्षकांच्या आणि पालकांच्या नेहमीच्या चुका याच खंडाभोवती होतात. त्यातल्या ज्या मला जास्त महाग पडताना दिसतात, त्यांवर जरा सविस्तर लिहिते.

सुट्टीनंतर पुन्हा ‘अ’पासून सुरुवात

सुट्टीहून आलेलं मूल ‘कमळ’ हा शब्द ‘क… म… ळ’ असा तोडून वाचायला लागतं. घ आणि ध, भ आणि म यांची गल्लत करतं. ‘सूर्य’ दिसला की थांबतं आणि बाईंच्या तोंडाकडे बघतं. आपण घाबरतो आणि मुळाक्षरांचा तक्ता पुन्हा भिंतीवर लावतो. असं करू नका. मूल अक्षरं विसरलेलं नसतं, त्याचा वेग गेलेला असतो. वेग परत आणायला नवीन काही लागत नाही. सुट्टीआधीचे, त्याला जवळजवळ पाठ असलेले दोन-तीन धडे काढा आणि तीन-चार दिवस तेच मोठ्याने वाचून घ्या. आधी तुम्ही एक वाक्य वाचा, मागून मुलं तेच वाक्य बोट फिरवत वाचतील. मग दोघं-दोघं एकमेकांना वाचून दाखवतील. आठवड्याच्या आत बहुतेक मुलं पूर्वपदावर येतात. जी येत नाहीत, त्यांचा प्रश्न सुट्टीचा नव्हता हे तेव्हा कळतं, आणि त्यांच्याकडे वेगळं लक्ष देता येतं.

जोडाक्षरांचं मात्र वेगळं आहे. रफार, र चे बाकीचे प्रकार, श्र, क्ष ही खरोखर विसरली जातात, कारण दिवाळीआधी ती धड बसलेलीच नसतात. ती शब्दांतूनच घ्या. गावात रोज दिसणाऱ्या पाट्या वापरा: दुकानाचं नाव, ‘प्राथमिक विद्यालय’, देवळावरची पाटी, बसवरचं गावाचं नाव. सुटे ‘प्र, प्र, प्र’ पानभर गिरवून घेतल्याने हाताला वळण लागतं, डोळ्याला लागत नाही.

नाताळच्या सुट्टीच्या गृहपाठातही हीच चूक होते. ‘१ ते १०० तीन वेळा लिहा, धडा ७ उतरवून काढा.’ हे सगळं शाळा उघडण्याच्या आदल्या रात्री, डुलक्या घेत, आईच्या आरडाओरड्यात पूर्ण होतं. त्यापेक्षा रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचायला सांगा आणि घरच्या कुणीतरी ऐकायचं एवढीच अट घाला. ऐकणाऱ्याला मराठी वाचता आलं नाही तरी चालतं. बरेच पालक संकोचतात, ‘आमचं शिक्षण इंग्लिशमधून झालं, आम्ही काय शिकवणार?’ शिकवायचं काहीच नाही. बोट अक्षरावर आहे की मूल पाठ म्हणतंय, एवढं बघायचं.

सर्दीचं मूल आणि श्रुतलेखन

ही चूक फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं दंव, रस्त्यांवरची कोरडी धूळ, कुळागरात (माडा-पोफळींच्या बागेत) आणि अंगणात जाळलेल्या पालापाचोळ्याचा धूर, यांनी निम्म्या वर्गाची नाकं गळत असतात. सर्दी आठ दिवसांत बरी होते, पण लहान मुलांत कानाच्या पडद्यामागे पाणी साठून राहू शकतं आणि काही आठवडे ऐकायला कमी येतं. कान दुखत नाही, म्हणून मूलही काही सांगत नाही.

वहीत मात्र ते दिसतं. आधी बरं श्रुतलेखन लिहिणारं मूल ‘भात’चं ‘बात’ लिहितं, ‘थंडी’चं ‘तंडी’, शब्दाचा शेवट खातं. हाक मारली की दुसऱ्यांदा ओ देतं. घरी टीव्हीचा आवाज वाढवतं. आपण लिहितो ‘लक्ष देत नाही’ आणि चुकलेले शब्द पाच-पाच वेळा लिहायला लावतो. मूल खरं तर लक्ष देऊन, त्याला ऐकू आलं तेच लिहीत असतं. सर्दीनंतर अशा चुका एकदम वाढल्या तर मुलाला पुढच्या बाकावर, तुमचं तोंड दिसेल असं बसवा, आणि पालकांना कान डॉक्टरांना दाखवायला सांगा. तोवर त्या मुलाचं श्रुतलेखन गुणांसाठी धरू नका.

मूल फळ्यावरून उतरवताना चुका करत असेल तर आधी वर्गातला उजेड बघा. जानेवारीच्या मध्यात आपल्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, जूनपेक्षा जवळजवळ तासभर उशिरा. सकाळी आठच्या शाळेत, खिडक्या लहान असलेल्या जुन्या इमारतीत, पहिल्या तासाला मागच्या बाकावर काय दिसतं हे स्वतः तिथे बसून पाहावं. पहिल्या तासाला तोंडी काम घ्यावं आणि लेखन नंतर. चष्म्याची शंका त्यानंतर.

गॅदरिंग: तालीम आणि अभ्यास यांचं भांडण लावणं

गॅदरिंगवर मी टीका करणार नाही. गावातली शाळा आणि गाव एकत्र येण्याचा तो एकच मोठा दिवस असतो, आणि पटसंख्या रोडावलेल्या शाळेला गावाची आस्था टिकवायला तो लागतोच. पण तालमीची आपली पद्धत चुकते. रेकॉर्डवरच्या गाण्यावर हातवारे बसवायचे, त्यासाठी चुणचुणीत सात-आठ मुलं निवडायची, आणि बाकीच्यांना तीन आठवडे ‘गप्प बसा, पाढे लिहा’ म्हणायचं. ज्यांना वर्गाची सगळ्यात जास्त गरज असते, नेमकी तीच मुलं त्या तीन आठवड्यांत काहीही न शिकता बसून राहतात.

नृत्य एखादं असू द्या, पण निदान एक छोटी नाटिका ठेवा आणि तिचं पाठांतर वाचनातून करून घ्या. संवाद मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येकाच्या हातात द्या. अडखळत वाचणाऱ्या मुलाला एकच वाक्य द्या, पण ते त्याने कागदावरून वाचून शिकावं. तुम्ही म्हणायचं आणि त्याने ऐकून पाठ करायचं, असं नको. तेच वाक्य तो पंधरा दिवस रोज आवडीने वाचतो. दुसरा कुठला मजकूर कोणतंही मूल इतक्या वेळा मागून वाचत नाही. आपल्या भागात दशावतारी काला, म्हणजे देवळापुढचं लोकनाट्य, रात्र-रात्र बघितलेली मुलं आहेत. त्यातले गणपती, संकासूर त्यांच्या अंगात असतात, त्यांना अभिनय शिकवावा लागत नाही.

तालीम शेवटच्या तासालाच ठेवा. सकाळचे पहिले दोन तास काही झालं तरी भाषा आणि गणिताचे.

आणि कार्यक्रमाच्या दिवसाबद्दल एक विनंती. पहिली-दुसरीच्या मुलांचे कार्यक्रम भाषणांच्या आधी घ्या. प्रमुख पाहुणे तासभर उशिरा, मग स्वागत, श्रीफळ, अहवाल, तिघांची मनोगतं. आणि भाड्याच्या चमकीच्या कपड्यांत, ओठांना लाली लावलेली सहा वर्षांची पोरं उघड्या मैदानात दंवात झोपेला आलेली. पाहुण्यांना ‘आधी लहान मुलं’ असं सांगितलं तर एकही पाहुणा रागावत नाही. आपणच भितो.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी चाचणी

म्हापशाची बोडगेश्वराची जत्रा पौष पौर्णिमेच्या सुमारास, फातर्प्याची पौषात, कवळ्याची माघ शुद्ध पंचमीला, मंगेशीची माघ पौर्णिमेला. शिवाय प्रत्येक वाड्यावरच्या देवाचा काला असतो तो वेगळाच. या तिथी जूनमध्येच पंचांगात दिसतात. तरी चाचणी नेमकी दुसऱ्या दिवशी येते, निम्मा वर्ग गैरहजर, उरलेला पेंगुळलेला, आणि मग पालकांच्या नावाने बोटं मोडणं. वर्षाच्या सुरुवातीला गावातल्या जत्रा, चर्चचं फेस्त, धालो (बायकांची रात्रीची गाणी-नाच), सगळं शाळेच्या नियोजनात लिहून ठेवा. त्या दिवसाच्या पुढे-मागे नवीन धडा नको, चाचणी नको.

पालकांनीही दोन टोकं गाठू नयेत. ‘अभ्यास आहे, जत्रेला यायचं नाही’ म्हणून मुलाला घरी कोंडणं जितकं व्यर्थ, तितकंच एका जत्रेसाठी मावशीकडे चार दिवस राहणं. एक रात्र जागरण झालं तर दुसऱ्या दिवशी उशिरा का होईना, शाळेत पाठवा आणि बाईंना आधी कळवून ठेवा.

जत्रेत गणित हवं तेवढं आहे. पाव किलो खाजे घेतले, शंभराची नोट दिली, परत किती आले? फुगेवाल्याने तीन घेतल्यावर किती कमी केले? दुसरीच्या मुलाच्या हातात वीस रुपये देऊन हिशेब त्यालाच ठेवू द्या. दुसऱ्या दिवशी वर्गात ‘कोणी काय घेतलं’ याची यादी फळ्यावर मांडली की बेरीज-वजाबाकीची वीस उदाहरणं आयती तयार होतात.

हिवाळ्याचा निबंध दुसऱ्याच गावचा

‘हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते. लोक शेकोट्या पेटवतात. शेतात हुरडा खातात.’ चौथीच्या वह्या तपासा, वीसपैकी वीस निबंध असेच असतात. हुरडा ज्यांनी जन्मात पाहिला नाही ती मुलं तो खातात, कारण गाईडमध्ये छापलं आहे. अशा निबंधाला पूर्ण गुण देणं ही माझ्या मते वर्षातली सगळ्यात मोठी चूक. दिसतं ते लिहायचं नसतं, छापलेलं लिहायचं असतं, हा धडा मूल त्यातून घेतं.

लिहायला बसवण्याआधी मुलांना दहा मिनिटं बाहेर न्या. गवतावरचं दंव, काजूचा मोहोर, वायंगणाची (हिवाळी भाताची) लावणी, बाजारात आलेला मुळा आणि तांबडी भाजी, रात्री मांडावर (ठरलेल्या अंगणात) चाललेले धालो. आधी फक्त बोलू द्या, घरच्या कोंकणीत बोललं तरी चालेल. मग ते शब्द फळ्यावर घ्या आणि वाक्यं मराठीत एकत्र बांधा. निबंध पाच ओळींचाच होईल, पण त्या ओळी त्यांच्या असतील. धालोच्या ओव्या येणारी एखादी आजी वर्गात अर्धा तास बोलवा. आपण गावातल्या माणसांना फक्त दीपप्रज्वलनाला बोलावतो.

१९ डिसेंबरच्या भाषणांचंही तसंच. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ असं पाठ करून म्हणणाऱ्या मुलाला ऑपरेशन विजय, म्हणजे गोवा मुक्त करणारी १९६१ची लष्करी कारवाई, म्हणजे काय हे विचारून बघा. १९६१ मध्ये दहा वर्षांचे असलेले लोक आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहेत. त्यांतले कोणी ‘प्रिमेर ग्राव’ (पोर्तुगीज प्राथमिक शिक्षण) शिकलेले असतील, कोणी देवळाच्या अग्रशाळेत (आवारातल्या धर्मशाळेत) किंवा कुणाच्या ओसरीवर भरणाऱ्या मराठी शाळेत. मुलांनी त्यांना तीनच प्रश्न विचारायचे: तुम्ही शाळेत कुठे बसायचा, पाटीवर काय लिहायचा, त्या दिवशी गावात काय झालं? उत्तरं घरी लिहून आणायची आणि सभेत वाचून दाखवायची.

लहानसहान, पण रोजच्या

स्वेटर घालून पाठवा, पण दहा वाजता काढून दप्तरात ठेवायला शिकवा. घामाने भिजलेला स्वेटर अंगावर ठेवून खेळलेलं मूल दिवसभर अस्वस्थ राहतं. थंडीत मुलं पाणी पीत नाहीत, भरलेली बाटली तशीच घरी येते. शिक्षकांनी मधल्या सुट्टीत बाटल्या उघडायला लावाव्यात.

चहा-बिस्किटावर किंवा चहात बुडवलेल्या पावावर मुलाला शाळेत पाठवू नका. माध्यान्ह आहार मिळेपर्यंत त्याचे महत्त्वाचे दोन तास उपाशीपोटी गेलेले असतात. वाटीभर पेज किंवा नाचणीचं तिझण पुरतं.

नाताळचं नक्षत्र (चांदणीचा कंदील), येशूजन्माचा गोठा, संक्रांतीचं भेटकार्ड, जे काही असेल ते मुलालाच करू द्या. पालकांनी केलेल्या सुबक वस्तूला बक्षीस देणं शाळांनी थांबवलं तर पालकही थांबतील.

व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री नऊला गृहपाठ टाकू नका. तो मुलाच्या वहीत, मुलाच्याच हस्ताक्षरात असू द्या.

आणि पालक-शिक्षक संघाची सभा. दुपारी तीनला सभा ठेवायची आणि ‘पालक येत नाहीत’ म्हणायचं, हे दरवर्षी चालतं. कारखान्यातल्या पाळीवर, हॉटेलात, बाजारात काम करणारी आई तीनला येऊ शकत नाही. डिसेंबरची सभा गॅदरिंगच्या दिवशीच, कार्यक्रम सुरू होण्याआधी अर्धा तास ठेवून बघा. त्या दिवशी सगळे येतातच, आजी-आजोबासुद्धा. सभेत हिशेब आणि ठराव थोडक्यात उरका. मग प्रत्येक पालकाला त्याच्या मुलाची वाचनाची वही हातात द्या आणि मूल कुठे अडखळतं ते त्यालाच शोधायला सांगा.