रोल धुऊन आला, आता लोकांना दाखवायचा कसा?

मागच्या गणपतीत चुलतभावाने माळ्यावरनं बाबांचा अग्फा क्लिक थ्री, म्हणजे जुना रोलवाला कॅमेरा, खाली काढला. कव्हरवर पांढरी बुरशी, पट्टा उंदराने खाल्लेला, पण शटर अजून 'खट' वाजतं म्हटल्यावर सगळ्या पोरांनी मिळून दोन रोल संपवले, आणि तेव्हापासून मला एकच प्रश्न, की दादा रोल धुऊन आणला, आता हे फोटो लोकांना पाठवायचे कसे? एकाने तर निगेटिव्ह खिडकीला धरून मोबाईलने फोटो मारला आणि थेट फॅमिली ग्रुपवर टाकला, नारिंगी पट्टीवर सगळ्यांचे चेहरे भुतासारखे. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. कॅमेरा कसा चालवायचा ते यात नाहीये, रोल संपल्यानंतरचं आहे.

रोल संपला की तो पाठवून द्या, लगेच. "मे महिन्यात मुंबईला जाईन तेव्हा देईन" हे आपल्याकडे महागात पडतं. फोटो काढलेला पण न धुतलेला रोल उष्णतेने आणि दमटपणाने खराब होत जातो, आणि कोकणात या दोन गोष्टींची कमी कधीच नसते. १२० चा, म्हणजे पाठीला कागद असलेला रुंद रोल असेल तर शेवटची कागदी पट्टी ओली करून घट्ट चिकटवा, सैल राहिला की कडेने उजेड शिरतो. मग झिपवाली पिशवी, आत सिलिका जेलची पुडी, आणि वरनं जाड पाकीट. आमच्या बाजारातल्या स्टुडिओत कलर रोल धुणं कधीच बंद झालं, आता कुरियरने मुंबई-पुण्याला पाठवतो. ब्लॅक अँड व्हाइट मी घरीच धुतो. त्याचं इथे फक्त एक सांगतो, केमिकलचं तापमान पुस्तकात २० डिग्री लिहिलेलं असतं आणि आपल्या नळाचं पाणी मे महिन्यात ३० च्या आसपास असतं, त्यामुळे बर्फाचा टब लागतोच. शेवटचं पाणी डिस्टिल्ड वापरा, गॅरेजवाल्याकडे बॅटरीत घालायला जे मिळतं ते, फक्त ते साधं पाणीच आहे ना, ॲसिड नाही, एवढं विचारून घ्या. विहिरीच्या पाण्याने धुतलेल्या निगेटिव्हवर वाळल्यावर जे डाग पडतात ते स्कॅनमध्ये असे काही दिसतात की बस.

लॅबला पाठवताना चिठ्ठीत स्पष्ट लिहा की निगेटिव्ह परत पाहिजेत. हे सांगायला लागतं यावर माझा विश्वास नव्हता. हर्णै बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव असतो ना, त्याचा अख्खा रोल काढला होता, पाण्यात शिरलेल्या बैलगाड्या, टोपल्या, मागे सुवर्णदुर्ग. लॅबने छोटे छोटे स्कॅन मेलवर पाठवले, निगेटिव्ह मागितल्या तर म्हणे आम्ही दोन महिन्यांनी टाकून देतो. संपलं. आता माझ्याकडे त्या दिवसाचे फक्त मोबाईलच्या स्क्रीनपुरते फोटो आहेत. तेव्हा निगेटिव्ह परत, स्कॅन मोठ्या साइजचा, आणि शार्पनेस कमीत कमी, एवढं लिहा. बाकी ते बघतील.

मोठा म्हणजे किती? ३५ एमएमची एक फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटरची असते. २४०० डीपीआयला (म्हणजे स्कॅनच्या एका इंचात २४०० ठिपके) साधारण ३४०० बाय २२७० पिक्सेल मिळतात, त्यात ए-फोरएवढी प्रिंट आरामात निघते. १२० ची चौकोनी निगेटिव्ह खरी भरते ५६ मिलिमीटर, तिचे त्याच डीपीआयला ५३०० च्या आसपास पिक्सेल होतात, यशिका मॅटसारखा चांगला ट्विन लेन्स असेल तर ते घ्याच. पण आमच्या क्लिक थ्रीसाठी एवढे पैसे घालू नका, त्याचं भिंग साधंसुधं आहे, कडेला सगळं मऊ होतं, १२०० डीपीआयमध्ये त्याच्याकडे जे काय आहे ते सगळं येतं. उगाच मोठी फाइल केली म्हणून त्यात नवीन काही दिसत नाही.

घरी स्कॅन करायचा असेल तर स्कॅनर नसला तरी चालतं, डिजिटल कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स असली की झालं. खाली एलईडीचं लाइट पॅड, त्यावर होल्डरमध्ये निगेटिव्ह, वर ट्रायपॉडला उलटा लटकवलेला कॅमेरा. टॅबची पांढरी स्क्रीन वापरणार असाल तर निगेटिव्ह थेट काचेवर ठेवू नका, स्क्रीनचे पिक्सेल जाळीसारखे उमटतात, मध्ये दुधी ॲक्रिलिकचा तुकडा आणि बोटभर अंतर पाहिजे. घरातले दिवे बंद. आयएसओ १००, एफ ८, रॉ फाइल, आणि सेल्फ टायमर, कारण बटण दाबल्यावर ट्रायपॉड हलतो. कॅमेरा निगेटिव्हला समांतर आहे का हे बघायची एक सोपी युक्ती आहे. निगेटिव्हच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवायचा आणि कॅमेऱ्यातनं बघायचं, लेन्सचं प्रतिबिंब बरोब्बर मधोमध दिसलं की झालं काम. मी आधी लेव्हल वापरायचो आणि चारातले दोन कोपरे नेहमी धूसर यायचे, हा पाच रुपयांचा आरसा त्यापेक्षा भारी निघाला.

निगेटिव्हचं पॉझिटिव्ह करायला डार्कटेबल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात निगाडॉक्टर म्हणून मॉड्यूल मिळतं. पहिल्या दिवशी डोकं दुखेल. तिसऱ्या रोलला हात बसतो.

आता उलट-सुलट. निगेटिव्हची एक बाजू चकचकीत असते, एक जरा मंद, मंद बाजू म्हणजे इमल्शन, चित्र ज्यात असतं तो थर. कडेची अक्षरं आणि नंबर सरळ वाचता येत असतील तर चकचकीत बाजू तुमच्याकडे आहे आणि फोटोही सरळ आहे. हे मला माहीत होतं, तरीसुद्धा घाईत बाबांच्या जुन्या निगेटिव्हची एक आख्खी पट्टी मी उलटी स्कॅन करून ग्रुपवर टाकली. झाडं, समुद्र, होड्या, कुणाला काय कळणार. पाचव्या मिनिटाला काकूचा फोन, "अरे, उजव्या खांद्यावर पदर मी कधी घेतला रे?" तेव्हापासून पाठवायच्या आधी मी फोटोत पदर शोधतो, नाहीतर शर्टाची बटणपट्टी, एसटीची पाटी, होडीवरचा नंबर. यातलं एक तरी सापडतंच.

रंगाचं म्हणाल तर लॅबची मशीन आणि फोनचं ऑटो बटण दोघांनाही कोकण कळत नाही. अर्धी फ्रेम जांभ्याची लाल, उरलेली पावसाळी हिरवी, मग मशीनला वाटतं की फोटो लालसर झालाय आणि ती आभाळात निळा ओतते, समोर तांबड्या मातीची वाट असते ती करडी होते. ऑटो बंद करा आणि फोटोत असं काहीतरी शोधा जे खरोखर पांढरं आहे, चुना मारलेली देवळाची भिंत, दीपमाळ, कुणाची तरी गांधी टोपी. व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर तिथे टेकवा, सावलीत नाही, उजेडातल्या भागावर. बहुतेक वेळा तेवढ्याने माती परत तांबडी होते. आणि फिल्मचा दाणा, म्हणजे फोटोतली बारीक रवाळ खरखर, काढून टाकायला नॉइज रिडक्शन लावू नका राव, चेहरे मेणाचे होतात, मग फोनने काढलेला काय वाईट होता?

धुळीचे ठिपके काढायचं काम मात्र कंटाळवाणं आहे, करावंच लागतं. स्कॅनरमधलं धूळ काढायचं आयसीई ऑप्शन इन्फ्रारेडवर चालतं, ते कलर निगेटिव्हला छान चालतं पण चांदीच्या ब्लॅक अँड व्हाइटला चालत नाही, दाण्यालाच धूळ समजून चित्र खराब करतं. तिथे हातानेच एकेक ठिपका. आणि निगेटिव्हवर तोंडाने फुंकर मारू नका, रबरी ब्लोअर वापरा.

फाइल तयार झाली की नाव द्या. स्कॅनच्या फाइलला तारीख स्कॅनच्या दिवसाची लागते, मग बाबांचा १९८५ मधला फोटो तुमच्या फोनच्या गॅलरीत काल जेवलेल्या फणसाच्या भाजीशेजारी जाऊन बसतो. गूगल फोटोजमध्ये तारीख हाताने बदलता येते, बदला. तारीख ठाऊक नसेल तर ठोकून देऊ नका, 'अंदाजे' लिहा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बसवून विचारा. फोटोतच खुणा असतात. चाकरमानी एसटीच्या टपावरून ट्रंका उतरवतायत की रेल्वे स्टेशनवर उभे आहेत? कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली जानेवारी १९९८ ला, म्हणजे एक टोक मिळालं. श्रीवर्धन, मुरुड, दापोली भागातला फोटो असेल आणि वाडीत नारळी-पोफळी दाट उभ्या असतील तर तो बहुतेक ३ जून २०२० च्या आधीचा, निसर्ग वादळाने त्या दिवशी किती वाड्या आडव्या केल्या ते सांगायला नको. घराच्या भिंतीचा रंग, कौलं की पत्रा, विजेचा खांब आहे की नाही, असं करत करत आमच्या एका रोलचं वर्ष आत्येने वासराच्या कपाळावरच्या ठिपक्यावरून लावलं. कुठली गाय कधी व्यायली हे तिला पाठ.

पाठवायचं कसं, तर दोन कॉपी करा. एक मूळ मोठी, टिफ असली तर उत्तम, ती घरी हार्ड डिस्कवर आणि आणखी एका ठिकाणी. दुसरी शेअर करायची जेपेग, लांब बाजू २०४८ पिक्सेल, कलर स्पेस एसआरजीबी, नाहीतर दुसऱ्याच्या फोनवर रंग मेल्यासारखे दिसतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून टाकला की तो दाबून लहान करतो आणि दाण्याचा चिखल होतो, म्हणून गॅलरीतनं न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ज्याला प्रिंट काढायची आहे त्याला ड्राइव्हची लिंक द्या. अख्खा रोल एकदम टाकू नका, ३६ फोटो कोणी बघत नाही, सहा निवडा. इन्स्टाच्या पोस्टमध्ये चौकोनी १२० चा फोटो मस्त बसतो. खाली कॅमेरा, फिल्म, गाव आणि वर्ष लिहा. 'नो फिल्टर' वगैरे नको.

आणि सगळ्यात आधी, म्हणजे जगाला दाखवायच्या आधी, जो फोटोत आहे त्याला पाठवा. बंदरावर मासळी निवडणाऱ्या बाईंचा चेहरा जवळून काढला असेल तर परत जाऊन दाखवा आणि टाकू का विचारा. नाही म्हणाल्या तर नाही. घरातल्या जुन्या फोटोंचंही तसंच, गेलेल्या माणसाचा फोटो सकाळी सकाळी अचानक ग्रुपवर आला की कुणाला रडू येतं, आधी एका फोनचं काम असतं ते. अजून एक, हसू नका, जुन्या फोटोत गडगा, म्हणजे हद्दीची दगडी भिंत, कुठे होता तेही दिसतं. माझ्या एका साध्या आंब्याखालच्या फोटोवरून भावकीत दोन आठवडे मोजणीची भाषा चालू होती.

स्टुडिओवाल्याने काढलेले लग्नाचे वगैरे फोटो असतील तर त्याचं नाव माहीत असल्यास द्या. आपल्या कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याकडे असतो. पण हौशी माणसाने स्वतःहून काढलेला फोटो त्याचा, तो दुसऱ्याच्या नावावर खपवू नये.

निगेटिव्ह परत आल्या की पॉलिप्रॉपिलीनच्या स्लीव्हमध्ये, पीव्हीसीच्या नको, त्या पावसाळ्यात चिकटतात. मग हवाबंद डबा, त्यात नारिंगी सिलिका जेल, हिरवं झालं की तव्यावर मंद आचेवर परत नारिंगी होईपर्यंत गरम करायचं. कॅमेरा आणि लेन्सही त्याच डब्यात, चामड्याच्या कव्हरमधून बाहेर काढून, कारण बुरशी आधी चामडं धरते आणि मग काच. माळ्यावरच्या जुन्या पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या सापडल्या तर कोरड्या ओढू नका, तशाच ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

राहिली प्रिंट. काकूला फोनवर दिसत नाही, तिला फोटो हातात लागतो. स्टुडिओत चौकोनी फोटो दिलात की तो चार बाय सहाच्या कागदात भरायला मशीन वरनं खालनं कापते, आमच्या पहिल्या प्रिंटमध्ये आजोबांचं डोकं आणि गणपतीचे पाय दोन्ही गेले. फोटो पूर्ण बसवा, कडेला पांढरी बॉर्डर राहू दे, असं काउंटरवर उभं राहून सांगा आणि स्क्रीनवर बघूनच पैसे द्या. मॅट कागद घ्या, ग्लॉसी कागद दमट हवेत काचेला चिकटतो. लॅमिनेशन नको. मागे नावं लिहायची ती मऊ पेन्सिलने, बॉलपेनने लिहिलं की पुढून वळ उठतात, आणि नावं डावीकडून उजवीकडे, कोण कुणाचं कोण तेही.